चपला घालता घालता

सोलापुरात डॉक्टरांच्या केबिनबाहेर चपलांचा ढीग असतो, आणि म्हातारी माणसं खरा आजार बऱ्याचदा त्या ढिगाजवळ उभी राहूनच सांगतात. आत खुर्चीवर बसून सांगितलेला आजार वेगळा. तो घरून ठरवून आणलेला असतो. गुडघा, कंबर, ‘साखर वाढली का बघा’. तो सांगून होतो, डॉक्टर कागदावर चार ओळी खरडतात, सून पर्स उघडते, मुलगा मोबाईल खिशात टाकतो, सगळे उठतात. मग आजी एका हातानं दाराची चौकट धरतात, पायानं आपली चप्पल चाचपतात आणि अर्धवट वळून म्हणतात, “ते एक सांगायचं राहिलंच बघा…”

परदेशातल्या डॉक्टरांनाही हा प्रकार चांगला ठाऊक आहे. तिथला पेशंट म्हणे दाराची मूठ धरून थांबतो.

आमच्या शेजारच्या अव्वांचं असंच झालं. उभं आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं न् तंबाखू, हजार विड्यांचा हिशोब आणि कारखान्यात माल देताना छाट, म्हणजे नापास विड्या, किती निघेल याची धास्ती. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कानडीही थोडी. मुलाला पाळी सोडता येईना म्हणून त्यांच्याबरोबर मी गेले. गुडघे दाखवायचे होते. डॉक्टरांनी गुडघे वाकवून पाहिले, वजन केलं, दुखणं कमी व्हायच्या गोळ्या लिहिल्या. आम्ही उठलो. अव्वा चपलेत पाय घालता घालता मला म्हणाल्या, “रात्रीला आडवं पडलं की दम लागालंय ओ. भिंतीला टेकून बसूनच झोपायचं मग.” सूर असा, की भाजी महागली म्हणतात तसा. ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं. नशीब, दार उघडं होतं. डॉक्टरांनी ऐकलं, पुढच्या पेशंटला हातानं थांबवलं आणि अव्वांना परत आत बोलावलं.

आडवं झाल्यावर दम लागणं, उशा वाढवत जाणं, उठून बसल्यावर बरं वाटणं ही हृदय कमजोर पडू लागल्याची जुनी, पुस्तकात पहिल्या पानांवर असणारी खूण. आणि गुडघ्यांसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या बऱ्याच वेदनाशामक गोळ्या अंगात पाणी धरून ठेवतात, म्हणजे अशा माणसाला त्या उलटू शकतात. डॉक्टरांनी अव्वांच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला. उचलला तेव्हा तिथं खळगा पडला होता, आणि तो भरून यायला बराच वेळ लागला. मग पहिला कागद फाडला. नव्यावर ईसीजी आणि टू-डी इको अशा हृदयाच्या तपासण्या लिहिल्या.

“अव्वा, हे आधी का नाही सांगितलं?”

“तंबाखूचा खकाणा जातंय की ओ नाकात. न् वय पण झालंय.”

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे. त्यामुळे दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या आजूबाजूच्या संसारात लक्ष घालण्याचा मला एक प्रकारे परवानाच मिळालाय असं मी समजते. त्या दिवशी घरी येऊन एक जुना अभ्यास पुन्हा काढून वाचला. 1975 साली इंग्लंडमध्ये हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण विभागात आलेल्या 80 नव्या पेशंटांवर तो केला होता. आधी फक्त सोबतची चिठ्ठी वाचायची, पेशंटचं म्हणणं ऐकायचं आणि निदान लिहून ठेवायचं. मग तपासायचं. मग लॅब. शेवटी जे निदान पक्कं ठरलं ते 80 पैकी 66 जणांच्या बाबतीत नुसतं ऐकून केलेल्या निदानाशी जुळलं. आता कुणी म्हणेल, तेव्हा एमआरआय कुठे होतं? खरं आहे. पण अव्वांना त्या दिवशी इकोच्या खोलीपर्यंत पोचवलं ते त्यांच्याच एका वाक्यानं. ते वाक्य दाराबाहेर पडून गल्लीत विरलं असतं तर सोलापुरातली सगळी मशिनं मिळूनही काही उपयोग नव्हता.

म्हाताऱ्या माणसांना बोलू द्यावं, असं म्हटलं की लोकांना वाटतं संस्कारांची गोष्ट चाललीय. मोठ्यांचा मान राखावा, वगैरे. मानाचा प्रश्न आहेच, पण मला सध्या त्याच्याशी एवढं कर्तव्य नाही. म्हाताऱ्याचं बोलणं हा त्याच्या तपासणीचा भाग आहे आणि तो भाग आपण सगळे मिळून गाळतो. डॉक्टर घाईनं, घरचे मायेनं आणि म्हातारा स्वतः भिडेनं.

डॉक्टरांच्या घाईबद्दल पुष्कळ मोजमाप झालंय. 1984 मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी 74 भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकलं. पेशंटनं सांगायला सुरुवात केल्यापासून डॉक्टर मध्ये बोलेपर्यंत सरासरी 18 सेकंद. आपलं म्हणणं शेवटपर्यंत नेता आलं फक्त 23 टक्के भेटींमध्ये. हा आकडा व्हॉट्सअॅपवर फिरून फिरून गुळगुळीत झालाय. त्याहून मला आवडतो तो स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या रुग्णालयातला 2002 चा प्रयोग. तिथल्या डॉक्टरांना सांगितलं गेलं की पेशंट ‘झालं माझं’ म्हणेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, गुपचूप घड्याळ लावायचं. सगळ्यांना धास्ती हीच की लोक सुटले तर आवरायचे नाहीत. 335 पेशंट झाले. सरासरी वेळ निघाला 92 सेकंद. 78 टक्के लोक दोन मिनिटांच्या आत थांबले. पाच मिनिटांच्या वर गेले फक्त सात, आणि त्या सातांनी सांगितलेलंही कामाचंच होतं असं डॉक्टरांचं मत पडलं. वय वाढेल तसा हा वेळ थोडा वाढतो, एवढं मात्र दिसलं.

92 सेकंद! आमच्याकडे चहाला आधण यायलाही त्याहून जास्त लागतात.

तरीही डॉक्टरांवर सगळं ढकलणं मला पटत नाही. सोलापूरच्या कुठल्याही बऱ्या दवाखान्यात सकाळी जाऊन बघा. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी तर झालंच, पण तुळजापूरकडचे आलेले, इंडी न् विजापूरकडून पहाटेच्या गाडीनं आलेले, गुलबर्ग्याकडचे आलेले. एका बाकावर मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा. कानडी आजींना काय होतंय ते त्यांचा नातू मराठीत सांगतो, डॉक्टरांचं मराठी उत्तर तो कानडीत नेतो, आणि या ये-जा करण्यात निम्मा माल वाटेत सांडतो. अनुभवी कंपाउंडर अशा वेळी सोन्याच्या भावाचा. आमच्या भागात एक आहेत. डॉक्टरांच्या आधी तेच बाकावर बसून प्रत्येकाशी त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलून येतात आणि केस पेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीबाही लिहून ठेवतात. त्या कोपऱ्याकडे डॉक्टर पहिल्यांदा बघतात, हे मी पाहिलंय.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे. 1910 चा जन्म. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात गेलं की लोक युद्ध, त्याग, मैत्री याबद्दल बोलतात. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. तिथं हा माणूस चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकला. बॉम्ब पडत असताना, जखमी सैनिकांची रांग लागलेली असताना. रोजच्या ओपीडीत ‘वेळ कुठंय’ हे कारण खरं असलं, तरी कोटणीसांच्या गावात ते जरा जपून द्यावं.

2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग पहिल्या वर्षापासून आलाय. चांगलंच झालं. त्याचं फळ दिसायला वेळ लागेल.

घरच्यांच्या मायेचं प्रकरण मात्र अधिक नाजूक आहे, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही.

माझे वडील, आप्पा, आयुष्यभर यंत्रमागावर होते. चादरींचे माग. आता त्यांना दवाखान्यात न्यायचं काम माझ्या मोठ्या भावाकडे, दादाकडे. दादासारखा मुलगा शोधून सापडायचा नाही. रिपोर्टची फाईल तारखेनुसार लावलेली, गोळ्यांचा डबा आठवड्याचा भरलेला. डॉक्टर विचारतात, “काय आप्पा, कसं काय?” आणि आप्पा तोंड उघडायच्या आत दादा म्हणतो, “यांना ना, तीन दिवसांपासून भूक नाही. रात्री झोपत नाहीत. काही सांगतच नाहीत हो हे.” आप्पा कधी दादाकडे, कधी डॉक्टरांकडे बघत राहतात, टेनिसची मॅच बघावी तसे. पाच मिनिटांत डॉक्टरही दादालाच विचारू लागतात. “संडास साफ होते का त्यांना?” ज्याची संडास, तो तिथंच दीड फुटावर बसलेला.

1994 मध्ये मिशेल ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. वयस्क पेशंट एकटे आले तेव्हाच्या आणि सोबत कुणी असतानाच्या भेटी ताडून पाहिल्या. सोबत कुणी असलं की पेशंट स्वतःहून कमी विषय काढतो, कमी ठामपणे बोलतो, निर्णयात त्याचा वाटा कमी होतो. कधी कधी तर त्याच्यादेखत त्याच्याबद्दल ‘तो’, ‘ती’ करून बोलणं चालतं. हे सगळं अपेक्षितच. पण त्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून मी थांबले. अशा भेटींत डॉक्टर आणि पेशंट मिळून हसण्याचे प्रसंगही कमी होतात. दादा नसताना आप्पा आमच्या जुन्या डॉक्टरांशी काय फाजील विनोद करायचे ते आठवलं.

सोबत नकोच, असं कुणी समजू नये. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी 40 ते 80 टक्के माहिती लोक लगेच विसरतात, असं रॉय केसेल्स यांनी 2003 मध्ये सगळे अभ्यास गोळा करून दाखवलंय. आणि जे लक्षात राहिलंसं वाटतं त्यातलंही जवळजवळ निम्मं चुकीचं असतं. तेव्हा सोबत माणूस हवाच, त्यानं लिहून घ्यावं, रस्ता पार करून द्यावा, बिल भरावं. त्यानं पेशंट होऊ नये इतकंच.

आणि म्हातारा स्वतः? त्याची गप्प बसण्याची कारणं निराळी. पैसे, हे पहिलं. ‘सांगितलं की तपासण्या, तपासण्या की खर्च, न् खर्च की पोराच्या डोक्याला ताप.’ दुसरं, लाज. लघवी, संडास, अंगावरून जाणं, या गोष्टी मुलापुढं कशा बोलायच्या? सुनेपुढं तर नाहीच. आणि तिसरं अव्वांचं, वय झालंय. हे तिसरं सगळ्यांत घातक. ते तक्रारीला तक्रारच होऊ देत नाही. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या 50 वर्षांवरच्या 660 जणांची माहिती तपासली. स्वतःच्या म्हातारपणाकडे जे बऱ्या नजरेनं बघत होते ते, तसं न बघणाऱ्यांपेक्षा साधारण साडेसात वर्षं जास्त जगले, असं त्यांच्या 2002 च्या लेखात आहे. वय, पैसा, एकटेपणा, मुळातली तब्येत हे सगळं हिशोबात धरूनही. यावरून ‘सकारात्मक राहा आणि शतायुषी व्हा’ असली पाटी कुणी लावू नये. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं. पण ‘वय झालंय’ म्हणून धाप अंगावर काढणारी बाई आणि ‘वय झालं म्हणून काय, दम का लागतोय ते सांगा’ असं विचारणारी बाई यांच्यात पाच-सात वर्षांचं अंतर पडू शकतं, यावर माझा विश्वास बसतो.

आप्पांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे कान. मागाच्या खात्यात ज्यानं एक पाळी काढलीय त्यालाच ते कळेल. धोट्यांची खडखड इतकी की शेजारच्या मागावरचा माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही. म्हणून ती माणसं बोलायचीच नाहीत. ओठ वाचायची आणि खुणा करायची. दोन बोटं कातरीसारखी हलवली की ताण्याचा धागा तुटलाय. मूठ तोंडाकडे नेली की चहा. छातीवर आडवा हात म्हणजे मालक आलाय. आमच्या घरात लहानपणी आई-आप्पांची भांडणं निम्मी खुणांतच व्हायची, आणि आम्हा मुलांना सगळी समजायची. अशा आवाजात वर्षानुवर्षं काढली की कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतात. ऐकण्याचा आलेख काढला तर चार हजार हर्ट्झच्या आसपास दरी पडलेली दिसते. त्यात म्हातारपणाचा बहिरेपणाही वरच्याच पट्टीतून सुरू होतो. स्वर ऐकू येतात. स, श, फ, थ, ट असली व्यंजनं गळतात. म्हणजे माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते नाही. आप्पांना ‘सात’ सांगितलं तर ‘आठ’ ऐकलं जातं, आणि गोळीच्या वेळेच्या बाबतीत ही काही छोटी गोष्ट नाही.

लोक यावर उपाय म्हणून ओरडतात. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढीच राहतात, चेहरा तेवढा रागीट दिसतो. मागावरचा माणूस चेहराच वाचत असतो हो! त्याला वाटतं आपल्यावर चिडलेत. मग तो काही कळलं नाही तरी मान हलवतो. करोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा आप्पा पार तुटले होते. दवाखान्यात कुणाचेच ओठ दिसेनात. डॉक्टर काहीही म्हणोत, यांचं आपलं “हो, हो”. समोर येऊन, उजेडात तोंड धरून, सावकाश आणि नेहमीच्या आवाजात बोललं की त्यांना अजूनही बहुतेक सगळं कळतं.

मोठ्यानं बोलण्याचीच धाकटी बहीण म्हणजे लाडानं बोलणं. एका रुग्णालयात आप्पा चार दिवस दाखल होते. तिथली नर्स मनानं फार चांगली होती, पण रोज सकाळी आल्या आल्या सुरू. “काय आजोबा, जेवलो का आपण? आता आपण छान गोळी घ्यायची हं. शहाणे ना तुम्ही?” एका काळी ज्यांच्या नुसत्या भुवईच्या इशाऱ्यावर अख्खं खातं थांबायचं, ते आप्पा तिसऱ्या दिवशी तोंड घट्ट मिटून भिंतीकडे वळले. नर्स म्हणाली, “आजोबा हट्टी आहेत.” कॅन्सस विद्यापीठाच्या क्रिस्टीन विल्यम्स यांनी शुश्रूषागृहांत, स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांचं चित्रीकरण करून हा प्रकार बारकाईनं पाहिलाय. साध्या, मोठ्या माणसासारख्या बोलण्यानंतर वृद्धांनी विरोध करण्याची शक्यता 26 टक्के, आणि या लाडिक बोलण्यानंतर 55 टक्के. औषध न घेणं, हात झटकणं, ओरडणं. ज्यांची स्मृती गेली त्यांनाही आपल्याला बाळ समजलं जातंय हे कळत होतं.

यात एक फरक मात्र करायला हवा. अमेरिकेत पेशंटला ‘आजी’ म्हटलं तर तो अपमान होईल. आपल्याकडे आजी, मावशी, काका, अव्वा म्हणणं अगदी सरळ आहे. उलट ‘मिसेस अमुक’ म्हटलं तर म्हातारी मागे वळून बघेल की आणखी कोण आलंय. नात्यानं हाक मारण्यात वाईट काही नाही. बिघडतं ते त्या ‘आपण’मध्ये आणि वाक्याच्या शेवटी चिकटलेल्या ‘हं’मध्ये. ‘आजोबा, ही बीपीची गोळी आहे, तुम्ही आता घेणार का नाश्ता करून?’ यात आजोबाही आहेत आणि मोठा माणूसही आहे.

दवाखान्याच्या साखळीत या बाबतीत सगळ्यांत तयार माणूस मला कुठं सापडला म्हणाल, तर मेडिकलच्या दुकानात. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे अव्वांची औषधं घ्यायला गेलो, तेव्हा त्यानं स्ट्रिपा काउंटरवर मांडल्या, रात्रीच्या गोळीची स्ट्रिप कोपऱ्यावर कात्रीनं कापली, सकाळच्यांची तशीच ठेवली. अव्वांना वाचता येत नाही, पण कापलेला कोपरा अंधारातही हाताला लागतो. मग विचारलं, “अव्वा, जेवता किती वेळा?” मी आजवर कुणाला हा प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं. अव्वा म्हणाल्या, “दोनदा. अकराला न् रातीला. मधी चहा.” कागदावर लिहिलं होतं, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. म्हणजे अव्वांनी ती आयुष्यभर दोनदाच घेतली असती, आणि अगदी सांगितल्याप्रमाणे घेतली असती! त्यानं लगेच डॉक्टरांना फोन लावून विचारलं, दुपारच्या गोळीसोबत चहा-बिस्किट चालेल असं ठरलं. आणि शेवटी म्हणाला, “आता तुम्ही मला सांगा बघू. रात्रीची कुठली?” अव्वांनी कापलेली स्ट्रिप उचलून त्याच्या नाकापुढं धरली. पेशंटकडूनच सगळं वदवून घ्यायची ही पद्धत परदेशात डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण देऊन शिकवतात. याला ती त्याच्या वडिलांनी गल्ल्यावर बसवताना शिकवली असणार.

आता त्या चपलेजवळच्या वाक्याकडे. ते आधीच, खुर्चीत असतानाच बाहेर काढता येतं का? यावरही काम झालंय, आणि ते मला भारी आवडतं, कारण त्यात मशीन नाही, पैसा नाही, एका शब्दाचा मामला आहे. जॉन हेरिटेज हे कॅलिफोर्नियातले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी 2007 मध्ये 20 डॉक्टर आणि 224 पेशंट घेतले. भेटीआधीच पेशंटकडून त्याच्या सगळ्या तक्रारी लिहून घेतल्या. मग काही डॉक्टरांना सांगितलं, पेशंटची मुख्य तक्रार ऐकून झाली की इंग्रजीत ‘एनिथिंग एल्स’ असं विचारा, आणि काहींना सांगितलं ‘समथिंग एल्स’ विचारा. पहिल्या प्रश्नाचा काडीचा उपयोग झाला नाही. विचारला काय न् नाही विचारला काय, सारखंच. दुसऱ्या प्रश्नानं न सांगितलेल्या तक्रारींपैकी 78 टक्के बाहेर आल्या. आणि भेटीचा वेळ वाढला नाही.

मराठीत याचं भाषांतर करत बसण्यात अर्थ नाही, पण आपलं दुखणं तेच आहे. डॉक्टर पेनाचं टोपण लावता लावता विचारतात, “बाकी काही नाही ना?” या प्रश्नाला ‘नाही’शिवाय दुसरं उत्तर देणं म्हणजे जवळजवळ उद्धटपणा. ‘आहे’ म्हणणारा सभ्य सोलापूरकर मी पाहिलेला नाही. त्याऐवजी “आणखी काय होतंय?” असं विचारून बघा. आणि विचारून गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड. आमच्या वर्गातही प्रश्न विचारून पाच सेकंद थांबणं नव्या शिक्षकाला जमत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो.

आणि शक्यतो बसून विचारा. कॅन्ससच्याच रुग्णालयात 2012 मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत राउंडला आलेला डॉक्टर कधी उभा राहिला, कधी खुर्ची ओढून बसला. उभा होता तेव्हा प्रत्यक्षात जास्त वेळ थांबला होता. पण पेशंटांना वाटलं की बसलेला डॉक्टरच जास्त वेळ होता. तो होता सरासरी एक मिनिट चार सेकंद, आणि लोकांनी सांगितलं पाच मिनिटांच्या वर. फुकटात चार मिनिटं मिळतात, फक्त खुर्ची हवी. आपल्या वॉर्डात ती खुर्ची बहुतेक वेळा नातेवाइकांच्या पिशव्यांखाली असते.

आमचे सध्याचे डॉक्टर तरुण आहेत. मागच्या वेळी दादाबरोबर मीही गेले होते. दादानं फाईल उघडली, “यांना ना…” सुरू केलं. डॉक्टरांनी फाईल घेतली, त्याला म्हणाले, “दादा, तुमचं मी ऐकणार आहे, दोन मिनिटांनी.” मग स्टूल ओढून आप्पांच्या पुढ्यात बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, मास्क खाली केला आणि न ओरडता सावकाश विचारलं, “आप्पा, तुम्हाला काय वाटतंय?”

आप्पांनी त्यांचे ओठ वाचले. दादाकडे पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि डॉक्टरही बोलले नाहीत. दादाची चुळबुळ सुरू झाली.

“पाय गार पडतात रात्री,” आप्पा म्हणाले. “आणि लघवीला उठलो की अंधारी येते. एकदा पडता पडता वाचलो. याला सांगितलं नाही.”

दादा उडालाच. डॉक्टरांनी आप्पांचं बीपी आधी झोपवून, मग उभं करून घेतलं. दोन्हींत चांगलाच फरक निघाला. त्यांनी रात्रीची एक गोळी कमी केली आणि उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उठायचं, हे आप्पांकडून दोनदा वदवून घेतलं.

“आणखी काय होतंय?”

“मला काय होणार? झालंय ते याला.” आप्पांनी अंगठा दादाकडे केला. “मी उठलो की हा जागाच असतो. रात्रभर फेऱ्या घालतो घरात. डोकं धरून बसतो. एकदा याचं बघा की.”

दादा म्हणाला, “काहीतरीच काय आप्पा, मला काही नाहीये.” डॉक्टरांनी तोवर पट्टा त्याच्या दंडाला गुंडाळायला घेतला होता. एकशे साठवर शंभर.

“किती आलं?” आप्पांनी विचारलं, आणि दादा काही बोलायच्या आत स्वतःच डॉक्टरांना सांगू लागले, “याला ना, मिठाचं लै लागतं…”